वैद्यापुढे आपले गाऱ्हाणे कसे मांडावे?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात नांदेड येथे केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही मॅट्रिक झालेले, अहमदपूर तालुक्यातील खेड्यांतून मुलांना पाढे शिकविण्यात आयुष्य घालविलेले प्राथमिक शिक्षक. वैद्यकाशी आमचा संबंध केवळ दवाखान्याच्या बाकावर रुग्णाशेजारी बसण्यापुरता. परंतु त्या बाकावर आम्ही पुष्कळ बसलो आहोत. तेथे जे शिकलो तेवढेच सांगतो.

सन २०१६ मध्ये लातुरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपणां सर्वांच्या स्मरणात असेलच. त्या वर्षी आम्ही लातुरास राहत होतो. आमच्या सौभाग्यवती पाण्याची घागर घेऊन जिना चढताना मध्येच बसू लागल्या. गल्लीतील सर्वच बायका थकलेल्या; त्यामुळे एकीच्या थकव्याकडे कोण लक्ष देणार? पुढे टंचाई सरली, थकवा मात्र सरला नाही. केस मुठीने गळू लागले, अन्न कमी होऊनही वजन वाढू लागले, भजनात त्यांचा आवाज घोगरा लागू लागला. आणि भर वैशाखात, पत्र्याखाली आम्ही घामाने निथळत असता, त्या चादर पांघरून निजत. आम्ही काय म्हणालो असू? "हल्ली तुम्हांस कामाचा कंटाळा येतो." त्यांचे गाऱ्हाणे नाकारणारे पहिले गृहस्थ आम्हीच होतो. डॉक्टरांचा क्रम त्यानंतरचा.

एका डॉक्टरांनी वयाचा दोष सांगितला. दुसऱ्यांनी सलाईनची बाटली लावली व ताकदीचे इंजेक्शन दिले. त्याने दोन दिवस बरे वाटले. तिसऱ्यांनी मनाला लावून घेऊ नका असे सांगून झोपेच्या गोळ्या दिल्या. यात अडीच वर्षे गेली. आता विचार करिता त्यांच्याइतकाच दोष आमचाही दिसतो. डॉक्टर प्रश्न विचारीत सौभाग्यवतींना, आणि उत्तर देत होतो आम्ही! तेही "अशक्तपणा आहे" एवढेच. बाहेर चाळीस रुग्ण ताटकळत असता एवढ्या एका शब्दावरून कोणता डॉक्टर रोग ओळखील?

अखेर आमच्यातील शिक्षक जागा झाला. मुलगा "ढ" आहे असे पालकास सांगून काही साधत नाही. त्याची हजेरी, त्याच्या चुका आणि गुण समोर ठेवावे लागतात. आम्ही शंभर पानी वही घेतली. किराणा दुकानाच्या काट्यावर दर पंधरवड्यास केलेले वजन, सकाळी उठण्यापूर्वी घड्याळ लावून मोजलेली नाडी (ती मिनिटास ५४ भरे), शौचाची व विटाळाची तक्रार, घेतलेली सर्व औषधे, हे दोन महिने लिहिले. प्रथमपृष्ठावर, पूर्वी होत असलेली कोणती कामे आता होत नाहीत, ते सौभाग्यवतींनी स्वहस्ते मांडले. खाली एकच प्रश्न होता: "हे थायरॉईडमुळे किंवा रक्त कमी असल्यामुळे असेल काय, आणि नसल्यास ते कोणत्या तपासणीने कळेल?"

नव्या डॉक्टरांनी वही दोन मिनिटे वाचली. मग प्रथमच कोणी त्यांच्या गळ्यास हात लावून पाणी गिळावयास सांगितले, गुडघ्यावर लहान हातोडी मारून पाहिली. टी.एस.एच. नावाची तपासणी झाली. तिची वरची मर्यादा सामान्यतः चार-पाचच्या आसपास धरतात. आमच्या घरचा आकडा ६२ आला. हिमोग्लोबिन ८.४.

थायरॉईड ही गळ्यातील फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. तिचा रस कमी पडला की शरीराचा सारा व्यवहार मंदावतो. इंग्लंडात डॉक्टर मरे यांनी १८९१ मध्ये अशाच एका स्त्रीस मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला व ती पुढे १९१९ पर्यंत जगली. आज तोच रस गोळीच्या रूपाने स्वस्तात मिळतो. गोळी मात्र उपाशीपोटी, चहापूर्वी निदान अर्धा तास घ्यावी, आणि लोहाची वा कॅल्शियमची गोळी चार तास दूर ठेवावी. आमच्याकडे दोन्ही चहाबरोबरच जात होत्या. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत आकडा फारसा हलला नाही!

आमच्या धाकट्या भगिनीची हकीकत एवढी सुखाची नाही. ती कंधार तालुक्यात दिलेली. तिच्या पायांना मुंग्या येत, चप्पल पायातून निसटली तरी कळत नसे. वाताचे तेल चोळण्यात वर्षे गेली. ब-१२ जीवनसत्त्व तपासले तेव्हा ते अतिशय कमी निघाले. इंजेक्शनांनी रक्त सुधारले, पण पायांची संवेदना पूर्णपणे परतली नाही. ती काठी घेऊनच चालते. आज येथे आली आहे, आणि हे सांगण्यास तिची अनुज्ञा आहे.

आपला समाज शाकाहारी, म्हणून हा विषय आपल्या चुलीपर्यंत येतो. ब-१२ वनस्पतींत नसते. दूधदुभत्यात थोडे असते. पूर्वी दारी गाय-म्हैस असे, आता दूध चहापुरते येते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉक्टर याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ब-१२ कमी आढळले, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. म्हणजे खाऊनपिऊन सुखी माणसेही यातून सुटली नाहीत. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्यासही ते घटू शकते. आपल्यापैकी कितीजणांच्या खिशात या गोळ्या आहेत ते आम्ही विचारीत नाही.

रक्तक्षयाचे तर विचारूच नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरांतील ५४ स्त्रियांत तो आढळला. जेथे निम्म्याहून अधिक स्त्रिया फिकट, तेथे फिकटपणाच नेहमीचा रंग ठरतो.

या बाबतीत एका परकीय विदुषीचे नाव घेतले पाहिजे. डॉक्टर लूसी विल्स १९२८ मध्ये मुंबईस आल्या व गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. त्या स्त्रियांच्या आहारात काय उणे आहे याचा शोध करिता करिता, यीस्टच्या साध्या अर्काने त्या बऱ्या होतात असे त्यांना आढळले; १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. परंतु येथे एक सावधगिरी आहे. ब-१२ कमी असता नुसते फॉलिक आम्ल घेतल्यास रक्त सुधारलेले दिसते आणि आतून मज्जातंतूंची हानी चालूच राहते. म्हणून दुकानातून मनाने गोळ्या आणू नयेत. तसेच प्रत्येक थकवा थायरॉईडचा नसतो, टी.एस.एच. किंचित वाढलेले असल्यास कधीकधी ते आपोआप उतरते, आणि डॉक्टर "थोडे थांबून पुन्हा पाहू" म्हणाले तर तीही टाळाटाळ नव्हे.

मात्र तपासणी नको असे कोणी म्हटल्यास नम्रपणे कारण विचारावे. "मग हे कशामुळे असावे, आणि किती दिवसांत उतार पडला नाही तर पुन्हा यावे?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. समाधान न झाल्यास दुसऱ्या फिजिशियनकडे जावे, जुने कागद तारीखवार लावून न्यावेत. हिमोग्लोबिन पाहण्याची व लोहाच्या गोळ्यांची सोय प्राथमिक आरोग्य केंद्रातही असते. आणि पुरुषमंडळींना विनंती, खोलीत बरोबर अवश्य जावे, पण आपल्याला विचारीपर्यंत गप्प बसावे. आम्हांस हे फार जड गेले. चाळीस मुलांपुढे अखंड बोलण्याची सवय!

सौभाग्यवतींची नाडी आता ७२ आहे. वैशाखात चादर लागत नाही, उलट पंख्यावरून आमचे भांडण होते. ती वही आज आम्ही बरोबर आणिली असून भोजनमंडपाच्या दाराशी भगिनीजवळ ठेविली आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी पंगतीपूर्वी पाहावी. पाने कशी आखली ते ती समजावून सांगेल.