तक्रार लिहून द्या
(उमरोळी येथील भाषण)



आपल्या उमरोळीहून पहाटेची गाडी धरून कित्येक मुले-मुली मुंबईच्या कॉलेजांत शिकावयास जातात; काही तेथील वसतिगृहांत राहतात. अनेकांच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच. तेथे त्यांचा छळ झाला तर काय करावे, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

डॉ. पायल तडवी हे नाव आपण विसरला नसाल. जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातील ही मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. 22 मे 2019 रोजी तिने आपले जीवन संपविले. तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा व आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप ठेवण्यात आला. आपण आधीच गाऱ्हाणे नेले होते, परंतु कोणी दाद दिली नाही, असे तिच्या आई आबेदा तडवी यांचे म्हणणे.

वकील या नात्याने माझे मन त्या 'गाऱ्हाणे' शब्दावर अडते. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 सालापासून आहे. विद्यार्थ्याने, पालकाने वा शिक्षकाने लेखी तक्रार दिली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी केलीच पाहिजे. सकृद्दर्शनी तथ्य दिसल्यास आरोपी विद्यार्थ्यास निलंबित करून तक्रार ताबडतोब पोलीस ठाण्याकडे धाडली पाहिजे. यात त्याने कुचराई केली तर तोच गुन्ह्यास साहाय्य करणारा ठरतो; शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद व दहा हजारांपर्यंत दंड. पण हे सात दिवस मोजावयाचे कोठून? लेखी तक्रार पोचली त्या दिवसापासून! व्हरांड्यात उभ्याउभ्या सांगितलेले गाऱ्हाणे कोणत्या दप्तरी सापडणार?

तेव्हा दिवस, वेळ, स्थळ, साक्षीदार, सारे लिहा. जातीवरून बोलले असतील तर ते शब्द जसेच्या तसे लिहा. लाजू नका; ती लाज बोलणाऱ्याची. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली त्याच शब्दांना पुरावा म्हणून मोल आहे, आणि 2018 च्या दुरुस्तीनंतर गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची सबब पोलिसांना सांगता येत नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या. कचेरीने नाकारले तर स्पीड पोस्टाने धाडा. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 1800-180-5522 हा विनामूल्य क्रमांकही रात्रंदिवस चालू असतो.

परीक्षेत नापास करतील या भयाने मुले गप्प बसतात. अशा वेळी आई-बापांनी तक्रार करावी. कायद्याने तो अधिकार त्यांना दिला आहे. लिहिता येत नसेल तर शेजारच्याकडून लिहून घ्या, वाचून घ्या, आणि मग अंगठा उठवा.