ओळ कुठं मोडायची?

(तीर्थपुरी येथील व्याख्यानमालेत झालेलं व्याख्यान)



पत्रिकेवरचा विषय अवघड दिसतो: हलक्या खूणभाषेत ‘जैसे थे’ मजकुराचा कप्पा असावा की नसावा. खूणभाषा म्हणजे काय, यात वेळ घालवत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी देऊन तुम्ही तो ठळक करता, झाली खूणभाषा. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये आणलेली मार्कडाउन ही त्यातली सर्वांत पसरलेली. तीत लागोपाठ लिहिलेल्या ओळी जोडून एक परिच्छेद होतो. ‘जैसे थे’ कप्प्यात मात्र ओळी आणि रिकाम्या जागा टाकल्या तशाच राहतात. तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी केलेला, म्हणून तिथली अक्षरं समान रुंदीची.

तुम्ही म्हणाल, हे कापूस-उसाच्या गावात कशाला? तर ऐका. आपल्याच घनसावंगी तालुक्यात, जांबला, १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास फक्त लेखनक्रियेला दिला आहे. (टाळ्या) अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं, ओळींमधलं अंतर सारखं असावं, हे सगळं त्यात आहे. कागदाच्या भोवती कोरी जागा सोडा म्हणतात. कारण कागद कडेनं झडला तरी अक्षराला धक्का लागू नये. मजकूर त्याच्या साधनापेक्षा जास्त जगला पाहिजे, हा विचार त्यामागं आहे. साध्या मजकुरात लिहिणाऱ्या सगळ्यांची धडपड तीच आहे.

आमच्याकडच्या एका मुलानं भजनी मंडळासाठी अभंग मार्कडाउनमध्ये टाइप करून सगळ्यांच्या मोबाइलवर दिले. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. त्या शेवटच्या आखूड चरणावर तर सगळी चाल उभी. झालं काय, की ओळी एकमेकींना जोडल्या गेल्या आणि जिथं पडदा संपेल तिथं मोडायला लागल्या. आजोबांनी अक्षर मोठं केलेलं, नातवाचं बारीक. आजोबा एका शब्दावर थांबले, नातू पुढं गेला, पखवाजवाला दोघांकडं बघत बसला! (हशा) दुसऱ्या एकादशीला त्यानं प्रत्येक ओळीआधी चार रिकाम्या जागा दिल्या, म्हणजे ‘जैसे थे’ कप्पा. ओळी जागेवर आल्या. पण त्या कप्प्यात लांब ओळ खाली वळत नाही, ती पडद्याबाहेर जाते. चारही चरण एका ओळीत टाइप केलेले, म्हणून शेवटचा चार अक्षरांचा चरण नेमका बाहेर! म्हातारी माणसं बोटानं पडदा सरकवत होती आणि टाळ खाली राहिले. चार माणसं एका सुरात गायला बसतात आणि यंत्र त्यांना वेगवेगळ्या ठिकाणी थांबवतं, याचं मला त्या दिवसापासून फार वाईट वाटतं.

मागून एक काका विचारताहेत की जुन्या पोथीत तरी ओळी कुठं सुट्या होत्या? रास्त प्रश्न. पोथीत ओव्या सलग चालत. पण ओवी संपली की दंड पडे. कागदाची रुंदी बदलली, नक्कल करणारा बदलला, तरी दंड आपल्या जागी राही. खूण मजकुरातच होती आणि डोळ्याला दिसत होती. मार्कडाउनमध्ये ओळ मोडायला शेवटी दोन रिकाम्या जागा द्याव्या लागतात. त्या दिसत नाहीत आणि दुसऱ्या हातात गेल्या की पुसल्या जातात.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. ‘जैसे थे’ कप्पा रकाने जुळवायलाही वापरतात, त्याचं भराभर सांगतो. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत पंचांग छापलं. पंचांग म्हणजे रकानेच. ते रिकाम्या जागा मोजून देवनागरीत जुळत नाहीत, कारण ‘र’ आणि ‘क्ष’ एका मापात बसत नाहीत. त्याला खरा तक्ताच हवा. राहिला प्रोग्रॅम, त्याच्यासाठी ‘जैसे थे’ कप्पा खुशाल ठेवावा.

माझा आग्रह आहे तो पद्याच्या कप्प्याचा. ओळ जपणं आणि समान रुंदीचं अक्षर या दोन गोष्टी विनाकारण एकत्र बांधल्या गेल्या आहेत, त्या सोडवा. हे अशक्य नाही. आस्कीडॉक या खूणभाषेत पद्याचा वेगळा कप्पा आहे. विकिस्रोत ज्या मीडियाविकीवर चालतो, तीत ‘पोएम’ ही खूण आहे. रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट नावाच्या खूणभाषेत प्रत्येक ओळीआधी उभी रेघ द्यायची, म्हणजे ओळी एकमेकींना जोडल्या जात नाहीत आणि अक्षरही नेहमीचंच राहतं. जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी पॅनडॉक हा प्रोग्रॅम लिहिला, त्यानं हीच रेघ आपल्या मार्कडाउनमध्ये घेतली. ज्या खूणभाषेत पद्याला जागा नाही, ती मराठीच्या कामाला अपुरी आहे, असं मी इथं स्पष्ट म्हणतो.

तुमच्या घरात कुणी आजीच्या जात्यावरच्या ओव्या टाइप करायला बसलं असेल, तर त्याला एवढं सांगा: पॅनडॉक वापर आणि प्रत्येक ओळीआधी उभी रेघ दे.