हलका स्वार आणि ताठ सायकल



ग्वाल्हेरला गेलेला मराठी माणूस किल्ला पाहतो, महाराज बाडा पाहतो आणि मग त्याची पावले आपोआप लष्करच्या सराफा बाजाराकडे वळतात. १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ येथे स्थिरावला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर हे शहर झाले. गेल्या नाताळच्या सुटीत मी बहिणीकडे गेलो असता या बाजारातील एका पेढीवर बसलो होतो. सराफाने काट्याभोवतीची काचेची दारे लावून घेतली आणि मगच अंगठी तोलली. वाऱ्याच्या झुळकेनेही वजन चुकू नये, ही त्याची दक्षता. शेजारी बसलेली माझी भाची हळूच म्हणाली, "मामा, इथं गुंजभर वजनाचीसुद्धा दखल घेतात. माझी सायकल मात्र मला मोजतच नाही!"

तिच्या बोलण्यात विनोद होता, तशी व्यथाही होती. मुलगी सतरा वर्षांची, वजन अवघे ४४ किलो. डोंगरवाटांसाठी बनविलेली, मागच्या चाकाला शॉक असलेली सायकल तिला चुलतभावाकडून मिळाली होती. त्याचे वजन ८० किलो. खडकाळ उतारावर मागचे चाक उसळे, जमीन सोडी. ती दोनदा पडली. घरात निष्कर्ष निघाला, की पोरीच्या अंगात जोर नाही आणि मनात धीर नाही. तिलाही ते पटू लागले होते. शिक्षकाला हा प्रकार नवा नाही. बाक उंच असतो आणि दोष मुलाच्या पायांना दिला जातो.

स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली मांडला. जेवढा भार, तेवढी स्प्रिंग दबते. निम्म्या भाराने ती निम्मीच दबेल. आजच्या पुष्कळ सायकलींत पोलादी स्प्रिंगेऐवजी दाबलेली हवा असते. तिचे गणित अगदी सरळ रेषेत चालत नाही. पण भार कमी तर दाब कमी हवा, हे तत्त्व तेच.

स्वार नुसता बसला म्हणजे शॉक काहीसा दबलाच पाहिजे. या दबण्याला जाणकार 'सॅग' म्हणतात. चाक खड्ड्यात उतरताना शॉकला लांब होण्यास जागा हवी, म्हणून हे दबणे आवश्यक. शॉकच्या एकूण चालीच्या २५ ते ३० टक्के हे त्याचे सर्वसाधारण प्रमाण आहे. भाचीच्या शॉकची चाल ५० मिलिमीटर होती. म्हणजे तो सुमारे १५ मिलिमीटर दबावयास हवा होता. प्रत्यक्षात दबत होता ८.

आम्ही हे मोजले कसे? हेल्मेट, पाण्याची बाटली, बूट असा सारा सरंजाम तिला चढवावयास सांगितला. भिंतीच्या आधाराने ती स्वारीच्या पवित्र्यात सायकलीवर राहिली. शॉकच्या दांड्यावरील रबरी कडे मी वर सरकवले. ती अलगद उतरली आणि कडे किती सरकले ते पट्टीने पाहिले. मग शॉकच्या खास पंपाने दाब पाहिला. चुलतभावाच्या वजनाचा १७५ पौंड प्रति चौरस इंच! पुष्कळ सायकलींत स्वाराचे वजन जितके पौंड, तितका दाब हा आरंभीचा अंदाज धरतात. ४४ किलो म्हणजे ९७ पौंड. थोडी थोडी हवा सोडत, दर वेळी शॉक काही वेळा दाबून आतील हवा समतोल करीत, आम्ही ९५ वर आलो. कडे १५ मिलिमीटरवर थांबले.

येथे अनेकजण थांबतात आणि फसतात. शॉकच्या आत तेल असते. ते बारीक छिद्रांतून जाताना स्प्रिंगेची उसळी आवरते. परतीचा वेग ठरविणारा स्क्रू बहुधा लाल रंगाचा असतो. हवा कमी केली म्हणजे शॉकला परत ढकलणारा जोरही घटतो. जुना आवर तसाच राहिला, तर एका दगडावरून सावरण्याआधीच दुसरा येतो आणि शॉक आत आत रुतत जातो. म्हणून हलक्या स्वाराने हा स्क्रू एकेक टिचकीने सैल करावा. पदपथाच्या कडेवरून बसल्या बसल्या खाली उतरावे; सायकल एकदा उसळून स्थिर झाली, म्हणजे जमले.

पोलादी स्प्रिंग असेल, तर तिची चकती सैल करून स्प्रिंग मऊ होत नाही. कमी ताठ स्प्रिंगच बसवावी लागते. पुढच्या चाकाचा शॉकही स्वाराच्या वजनाप्रमाणे जुळवावा. आणि एक इशारा : आत हवा असताना शॉक उघडू नये, ते काम जाणत्या कारागिराचे.

दुसऱ्या दिवशी भाची त्याच उतारावरून गेली. मी खाली उभा होतो. चाक जमिनीला धरून आले. ती न पडता आली. घरी परतल्यावर तिच्या धीराविषयी कोणी काही बोलले नाही.

सराफ गुंजभर सोने तोलतो, तेव्हा ते हलके म्हणून त्याला बोल लावीत नाही. काटाच अधिक जपून लावतो. आपल्या हाती तरुण मुले येतात, तेव्हा एवढी दक्षता आपणही घ्यावी. दोष देण्यापूर्वी काटा तपासावा.