रक्तातल्या राखणदारांची ओळख

बचत गटात आम्हाला नेहमी एक प्रश्न येतो, “डॉक्टर तपासणीला नळीभर रक्त नेतात, त्याचं करतात तरी काय?”

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराच्या राखणदार. जंतू ओळखायला त्यांच्यावर बारीक रिसेप्टर असतात. ‘टीएलआर-४’ हा रिसेप्टर काही जिवाणूंच्या आवरणातला पदार्थ ओळखतो. ब्रूस ब्यूटलर यांनी ते १९९८ साली उंदरांवरून दाखवलं. २०११ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

साध्या सूक्ष्मदर्शकाखाली रिसेप्टर दिसत नाहीत. म्हणून ठरावीक रिसेप्टरलाच चिकटणारी प्रतिपिंडं घेतात आणि त्यांना चमकणारा रंग जोडतात. मग पेशी एकेक करून लेझरसमोरून जातात. रंग चमकला की यंत्र नोंद करतं. याला म्हणतात फ्लो सायटोमेट्री.

आपल्या खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेकमध्ये पेशींवरच्या खुणा अशाच पाहून रक्ताच्या कर्करोगाचा प्रकार ओळखतात. एचआयव्हीच्या रुग्णांच्या सीडी-४ पेशीही अशाच मोजतात. प्रकार कळला तरच नेमकं औषध ठरतं.

म्हणून भीतीपोटी नमुना द्यायचं टाळू नका. तेवढं रक्त शरीर भरून काढतं. हातचा गेलेला वेळ मात्र भरून निघत नाही. तपासणी कशाची, रिपोर्ट कधी, हे बिनधास्त विचारा. तो आपला हक्कच आहे.