फोटो मेजावर ठेवायचा की नाही?



मेक्सिकोतल्या ‘मृतांच्या दिवसा’विषयी बोल, असं तुम्ही सांगितलंत. सिनेमांमुळे आपल्याला त्यातल्या रंगवलेल्या कवट्या तेवढ्या माहीत असतात. मी सुरुवात घरापासून करते.

१ आणि २ नोव्हेंबरला गेलेली माणसं घरी येतात, असं तिकडे मानतात. आधी लहान मुलं, दुसऱ्या दिवशी मोठी माणसं. त्यांच्यासाठी घरात मेज मांडतात, त्याला ओफ्रेंदा म्हणतात. लांबून आलेल्याला तहान लागते म्हणून पाणी, मग मीठ, मेणबत्त्या, कोपाल नावाच्या राळेचा धूर, गोड पाव, तामाले, आणि ज्याला जे आवडायचं ते, कुणाची सिगरेट, कुणाचं खेळणं. मधोमध फोटो. वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्यांचा सडा. (झेंडू मूळचा तिथलाच, आपल्या दसऱ्याच्या तोरणात तो फार उशिरा आला.) कबरी धुतात, सजवतात, कितीतरी गावांत रात्रभर तिथेच बसतात. जेवण, गाणी, आठवणी. दुःख एकटीनं गिळावं लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. अर्थात तामाल्यांच्या राशी करायला चुलीपुढे बहुतेक बाईच असते. २००८ साली हा सण युनेस्कोच्या वारसा-यादीत गेला, म्हणून तिचं काम काही कमी झालं नाही.

आता सिउदाद हुआरेस. अमेरिकेच्या सीमेवरचं, कारखान्यांचं शहर. १९९३ पासून तिथे तरुण मुलींचे मृतदेह सापडत राहिले, त्यांत कारखान्यांत राबणाऱ्या अनेकजणी होत्या. नोव्हेंबर २००१ मध्ये कापसाच्या एका शेतात आठजणी सापडल्या. मुलगी हरवली म्हणून तक्रार द्यायला गेलेल्या आयांना ‘मित्राबरोबर गेली असेल’ असली उत्तरं मिळाली होती. (ओळखीचं वाटतंय ना?) आयांनी गुलाबी क्रूस रोवले. आठांपैकी तिघींच्या घरच्यांनी लढा आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयापर्यंत नेला आणि २००९ साली न्यायालयानं मेक्सिको सरकारला जबाबदार धरलं. २०१२ मध्ये बाईची बाई म्हणून केलेली हत्या देशाच्या फौजदारी कायद्यात स्वतंत्र गुन्हा झाली.

आता या दिवसांत खून झालेल्या बायकांसाठी चौकातही ओफ्रेंदा मांडल्या जातात. तीच फुलं, त्याच मेणबत्त्या, पण तिथली नावं सरकारला ऐकवायची असतात.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी सांगते. मे २०२२ मध्ये मेक्सिकोच्या सरकारी नोंदीतल्या बेपत्ता माणसांचा आकडा एक लाखाच्या वर गेला. या माणसांच्या आयांनी नोव्हेंबरात काय करायचं? फोटो मेजावर ठेवला तर लेकरू मेलं असं आपणच कबूल केलं. नाही ठेवला आणि ते खरंच गेलं असेल, तर ते दाराशी येऊन उपाशी परत जाईल. अनेकजणी फोटो ठेवत नाहीत. तो सदऱ्यावर छापून अंगात घालतात आणि फावडी घेऊन, चारचौघी मिळून, माळरानं उकरायला जातात.