खडकांवरची शाळा

(शिक्षक-कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



शाळेची सहल म्हटली की बसगाडी, देवदर्शन आणि डबे हे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. त्याला माझा विरोध नाही. परंतु ज्या गावाच्या उंबऱ्याशी समुद्र आहे, तेथील मुलांनी सागरी जीवांचा धडा फळ्यावरून उतरवून घ्यावा, याची खंत आपल्याला वाटली पाहिजे.

कोकणातील अशा एका सहलीत मी मुलांसोबत होतो. सहलीची वेळ चंद्राने ठरवली होती. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सकाळी लवकर मोठी ओहोटी लागते आणि एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात. मुलांजवळ साधने होती ती खुणा केलेली दोरी, बांबूच्या कामट्यांची फूटभर चौकट, वही आणि पेन्सिल. पाण्यापर्यंत दोरी ताणायची, ठराविक अंतरावर चौकट ठेवायची आणि आतले जीव मोजायचे. उलटलेला दगड होता तसाच परत ठेवायचा, कारण ते कोणाचे तरी छप्पर असते. तासाभरात मुलांनीच शोधून काढले की वरच्या कोरड्या खडकावर बारीक गोगलगाई, मधल्या पट्ट्यात कालवे आणि अगदी खाली शेवाळ व समुद्रफुले अशी वस्ती आहे. ऊन आणि कोरडेपणा कोण किती सोसू शकतो, यावर तेथे बहुधा वरची हद्द ठरते. खालची हद्द शेजारी आणि शत्रू ठरवतात.

त्याच खडकांवर काही बायका कालवे काढीत होत्या. त्यांच्यापैकी एकीची मुलगी आमच्याच वर्गात होती, मागच्या बाकावर गप्प बसणारी. कोणते कालव जिवंत आणि कोणते नुसता शिंपला, हे ती पाहताक्षणी सांगू लागली. पहिल्या बाकावरची मुले तिच्याभोवती वह्या घेऊन उभी राहिली. एकाने तिच्या आईला विचारले, "मावशी, सगळीच का नाही काढत?" ती म्हणाली, "सगळी काढली तर पुढल्या वर्साला काय खाऊ, बाबा?" पुस्तकातले पानभर विवेचन त्या उत्तरात होते.

श्रम करणाऱ्यांजवळ ज्ञान असते. आपली शाळा त्याला ज्ञान मानत नाही, एवढेच. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी पुढे त्या परिसरात शाळाच कुरणात गेली. कुरणशाळा होऊ शकते, तर खडकशाळा का होऊ नये?

हा केवळ अध्यापनपद्धतीचा प्रश्न नाही. २०२० साली मुंबईत किनारी रस्त्यासाठी हाजीअली व वरळी येथील प्रवाळ उचलून अन्यत्र लावावे लागले. महानगराच्या पायाशी प्रवाळ आहेत, हे अनेक मुंबईकरांना तेव्हाच प्रथम कळले. ज्या किनाऱ्याची नोंद कोणी ठेवली नाही, तो कागदावर ओसाड ठरतो. आणि ओसाड ठरलेल्या जागेवर भराव पडताना आवाज उठत नाही. मुलांच्या वह्यांतील आकडे साधेच असतील. पण दरवर्षी त्याच खडकावर, त्याच चौकटीने ते भरले गेले, तर उद्या गावाच्या हाती पुरावा राहील.

म्हणून माझी मागणी लहान आहे. किनाऱ्यावरील प्रत्येक शाळेने वर्षातल्या चार ओहोट्या वेळापत्रकात धराव्यात आणि कालवे काढणाऱ्या मावशीला त्या दिवशी सन्मानाने शिक्षक म्हणून बोलवावे.