चौका, पंगत आणि सूर्यास्त
(सुवर्णमहोत्सवी महिला मेळाव्यातील भाषण)



'जैन आहार' या विषयावर बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. विषय आपणा सर्वांच्या नित्य परिचयाचा. म्हणून कंदमुळे का वर्ज्य, हे मी पुन्हा सांगत बसणार नाही. हल्ली हॉटेलातही 'जैन पावभाजी' मिळते. बटाट्याऐवजी कच्ची केळी घातली की ती जैन झाली! आपल्या आजी-पणजींच्या चौक्याची ओळख मात्र वर्ज्य जिनसांच्या यादीपुरती नव्हती. तेथे पहिला मान वेळेचा होता.

पीठ दळले की त्याची मर्यादा सुरू होई : पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7. दमट हवेत पिठात जीवोत्पत्ती लवकर होते, हे त्यामागील निरीक्षण. म्हणूनच चातुर्मासात दळण थोडे आणि वारंवार. पाणी दुहेरी कापडातून गाळायचे आणि गाळण्यातील जिवाणी ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत हलकेच परत सोडायची. कच्च्या ताकाशी डाळीचा संयोग टाळायचा, म्हणून कढीचे ताक आधी तापवून मगच त्याला बेसन लावण्याची रीत कित्येक घरांत आजही आहे. हे सारे श्रम बहुतांशी स्त्रियांनी केले, आणि प्रवचनांत त्यांचा उल्लेख क्वचितच होतो, हेही येथे नमूद केले पाहिजे.

सणांचे अन्नही याच शिस्तीतून आले. दीर्घ उपवासानंतर भगवान ऋषभदेवांना हस्तिनापूर येथे राजा श्रेयांसाने इक्षुरसाचा आहार दिला, तो दिवस अक्षय्य तृतीयेचा. वर्षीतपाचे पारणे आजही उसाच्या रसानेच होते. पंचगंगा-वारणेच्या काठी राहणाऱ्या आपणांस तर हा प्रसाद शेतातलाच! महावीर निर्वाणाचा लाडू चढतो तो दिवाळीच्या प्रभाती. आणि आपले सर्वांत मोठे पर्व कोणते? ज्यात चूल सर्वांत कमी पेटते ते! दीर्घ उपवासाच्या पारण्यालाही पक्वान्ने नसतात. मुगाचे पाणी असते.

मग विवाहसमारंभातच आपले काय होते? घरी दिवेलागणीपूर्वी जेवणारी कुटुंबे गोरज मुहूर्ताचे लग्न ठरवतात. गोरज म्हणजे सूर्यास्ताची वेळ. अक्षता पडून पंगत बसेपर्यंत रात्र होणारच. स्वागत समारंभ तर आठनंतरच रंगतात. ताटात कांदा नाही म्हणून आपण निश्चिंत असतो; चौविहार पाळणारी वृद्ध मंडळी मात्र आपल्याच नातवाच्या लग्नात उपाशी परततात. मला हे दृश्य फार बोचते.

पाहुणे नोकरीपेशाचे, दिवसा येणार कसे, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. परंतु रविवारी दुपारचा समारंभ अशक्य नाही. संस्थेने आपल्या सभागृहाच्या नियमांत सूर्यास्तापूर्वी भोजन ही अट घालावी, अशी माझी विश्वस्तांना नम्र विनंती आहे. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा पहिली पंगत साडेचारला बसवावी लागेल आणि आचाऱ्याला तसे आगाऊ सांगावे लागेल.

जय जिनेंद्र!